राघूचा पलंग

"पलंग तिथं हाय न्हवं? मग तुझी जागा तिथंच."

आप्पांचं हे बोलणं मला अजून ऐकू येतं. सागाच्या टेबलावर कापड पसरून खडूची रेघ ओढताना येतं, दुपारी घर निवांत असताना येतं. आवाजात राग नव्हता. रंधा मारून झाला की ते फळीवरून तळहात फिरवायचे, कुठं कुसळ राहिलं तर नाही ना बघायला. तसा तो आवाज होता.

मी विट्याहून एसटीनं आले होते, हातात एक पिशवी घेऊन. तासगावात आमच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिला आप्पा कारखाना म्हणायचे. शेडच्या दारातूनच मी म्हटलं, "आप्पा, मी आता जात न्हाई तिकडं." त्यांनी रंधा खाली ठेवला. कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागं लावली, आणि पलंगाचं ते वाक्य बोलले. मग म्हणाले, "चार दिवस ऱ्हा. आईच्या हातचं खा. मग मी पोचवतो."

का आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. कारण आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटत होतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. सासरची माणसं बोलत असणार, पोरगी त्या बोलण्याला विटली असणार. चार दिवस गेले की निवेल सगळं. आणि पलंग तर तिथंच होता.

तो पलंग आप्पांनी माझ्या लग्नासाठी केला होता. आमच्या घराण्यात लेकीचा पलंग बापानंच करायचा, दुसऱ्या सुताराचा हात त्याला लागू द्यायचा नाही, अशी रीत होती. जुना काळसर साग त्यांनी माझ्या लहानपणापासून सांभाळून ठेवला होता. पलंग उभा राहिला तेव्हा बघायला गल्ली लोटली. लोक वाकून वाकून बघत आणि विचारत, "मेस्त्री, खिळं कुठं हायती?" आप्पा म्हणत, "एक दावा आन पलंग घिऊन जावा."

एकही खिळा नव्हता. खाच पाडून लाकडात लाकूड बसवलेलं, आत सरस ओतलेला, वरून बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. एकदा बसलं की बसलं. गिऱ्हाइकांचे पलंग ते सुटे होतील असे करायचे, न्यायला-आणायला बरे म्हणून. माझ्या पलंगाचं मात्र त्यांच्या मनानं वेगळंच घेतलं होतं. लेकीचा पलंग सुटा होता कामा नये. तो सुटा झाला तर तिचा संसारही सुटा होईल, अशी काहीतरी भीती असावी. त्यामुळं तो अख्खाच्या अख्खा टेम्पोत चढला. विट्याला माझ्या सासरच्या जिन्यातून तो जाईना, तेव्हा दोर लावून गॅलरीतून माडीवर ओढला. खाली बँडवाले वाजवायचे थांबून वर बघत राहिले होते. माझे सासरे कौतुकानं म्हणाले, "ह्यो आता ह्या घरातनं हलायचा न्हाई बघा." सगळे हसले. आप्पा सगळ्यांत जास्त हसले.

गादी आईची. अंगणात पिंजारी धनुकली छेडत बसला होता, कापूस पाखरासारखा उडत होता, आणि आई मोठ्या सुईनं टाके घालत गुणगुणत होती. तिच्या ओव्या तिनंच जुळवलेल्या असत.

सागाच्या गं फांदीवर, राघू बसला हिरवा
लेक निजली माझी, पंख घालतो गारवा

आप्पा शेडमधून ऐकत होते, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

चार दिवस सरले. होळी झाली, रंगपंचमी झाली. आप्पा पोचवायचं नाव काढत नव्हते, मीही काढत नव्हते. एक दिवस ते लाकूड बघायला वखारीत गेले आणि तिथल्या फोनवर त्यांच्यासाठी विट्याहून निरोप आला. घरी येऊन ते आधी तांब्याभर पाणी प्याले.

"पलंग-गादी उचला म्हणत्यात," ते म्हणाले. "सोमवारच्या आत. खोली रंगवायचीय म्हणं."

"रंगवायला पलंग घराभाईर कशाला?" आई म्हणाली. "मदी सरकवला तरी हुतंय की."

नव्या रंगाच्या खोलीत नवं कोण येणार, ते आम्हा तिघांनाही समजलं होतं.

"टेम्पो ठरवाय पायजे," आप्पा म्हणाले. "शालन, चल माझ्यासंगं. जिना, दार, समदं तुझ्या डोळ्याखालचं हाय."

टेम्पो उभे राहायचे ते बसस्टँडच्या मागं, चिंचेखाली. मैनुद्दीन टेम्पोच्या फाळक्यावर पाय सोडून कलिंगडाची फोड खात बसला होता. आप्पांचा सगळा माल त्याच्याच गाडीनं जायचा.

"या मेस्त्री. काय न्यायचंय?"

"न्यायचं न्हाई. आणायचंय."

"कुठनं?"

"विट्यासनं."

"माल काय?"

आप्पांनी वर चिंचेकडं बघितलं. "लाकूड."

"लाकूड? तासगावातल्या वखारी वस पडल्या काय?"

"तयार लाकूड हाय."

"तयार म्हंजे फर्निचर." मैनुद्दीन बाकीच्या ड्रायव्हरांकडं बघून हसला. "ऐका रं. मेस्त्रीचा माल आजवर तासगावातनं जाताना बघितला. परत येताना पहिल्यांदाच ऐकतोय. गिऱ्हाईक फसलं का काय, मेस्त्री?"

दोघंतिघं हसले. आप्पाही हसले. ते हसणं मला बघवलं नाही, म्हणून मी टेम्पोच्या चाकाकडं बघत राहिले.

"दुरुस्तीला आणायचंय," आप्पा म्हणाले.

"तुमचं काम आन दुरुस्ती? आता ह्यो चिंचेचा आंबा झाला म्हणून सांगा."

आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. फोड हातातच राहिली. पाच वर्षांमागं माझा पलंग पोचवायला त्याचीच गाडी गेली होती, वर ओढताना पहिला दोर त्याच्याच हातात होता.

"विट्यासनं," तो हळू आवाजात म्हणाला. "माडीवरला व्हय?"

"व्हय."

त्यानं फोडीची साल चिंचेला बांधलेल्या शेळीपुढं टाकली, हात पुसले आणि खाली उतरून उभा राहिला. त्याच्या तोंडावरची थट्टा गेली आणि अदब आली. थट्टा बरी होती.

"माणसं लागत्याल मग. दोर लागंल," तो म्हणाला. "गॅलरीतनंच उतरवायचा न्हवं?"

"गॅलरीला जाळी बसवली," मी म्हटलं. "लोखंडी गजांची."

"आन जिन्यातनं तर तवाबी जात नव्हता." त्यानं कपाळ खाजवलं. "सुटतो का, मेस्त्री? खूर येगळं, फळ्या येगळ्या, असं हुतंय का?"

"बघू."

"बघू म्हंजे? सुटत असंल तर दोन माणसांचं काम. सुटत नसंल तर गाडी निऊन उपेग काय? गाडीवान मी, जादूगार न्हाई."

"उद्या सकाळी घराकडं ये. सांगतो समदं."

खिळा दाखवा आणि पलंग घेऊन जा, असं अख्ख्या गल्लीला सांगणारा माणूस. पलंग सुटत नाही, एवढं त्याला त्या चिंचेखाली बोलता आलं नाही.

येताना आम्ही पेठेतून आलो नाही. आप्पा पुढं चालत होते, ओढ्याकडच्या बोळातून, जिथं सांडपाण्यातून पाय उचलून टाकावे लागतात. मी मागून त्यांच्या सदऱ्याकडं बघत होते. पाठीवर लाकडाचा भुसा चिकटला होता. झटकावा असं वाटलं, पण हात पुढं झाला नाही.

दारात आलो तर समोरच्या पायरीवर शेवंताकाकू बसल्या होत्या. आमच्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं, हे बघायला त्या कधी कंटाळल्या नाहीत.

"शालन, अजून हाईस व्हय गं? जावई न्ह्याय आलं न्हाईत ते?"

"येत्याल की," आतून आई म्हणाली. "कामात हायती जरा."

"व्हय, व्हय. कामात माणूस बायकूला बी इसारतंय." त्या हसल्या. मी हसले. सगळ्यांचंच हसून झालं आणि मी आत गेले.

दुपारी आई माझी पिशवी भरत होती. माझी दोन लुगडी घडी घालून ठेवली, वर पापड ठेवले, कुरडया एका फडक्यात बांधायला घेतल्या.

"हे काय?"

"रिकाम्या हातानं जायाचं नसतंय."

"आई, आपण पलंग आणाय चाललोय."

तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आप्पांचं आन माझं बोलणं झालंय. टेम्पो त्यांच्या दारात हुबा करायचा. दोर, माणसं, समदं दिसलं पायजे. गल्ली गोळा हुईल. चार लोकांत तुझ्या सासऱ्यास्नी लाज वाटंल. मग आप्पा म्हणत्याल, पलंग असू द्या, पोरगीबी असू द्या. आणखी एकदा मिरजेला दावतो तिला. टेम्पो मोकळा परत यील."

म्हणजे टेम्पो मोकळा परत येण्यासाठीच ठरवायचा होता. पोचवायचा माल म्हणजे मी.

"आन ते नको म्हणालं तर?"

"आप्पा पाया पडत्याल," आई म्हणाली आणि फडक्याची गाठ आवळली.

मिरजेला आई मला आधी घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हिच्यात काही दोष नाही. "मग?" आईनं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "यजमानांनाही एकदा घेऊन या." यजमान आले नाहीत. मग कुणी सांगितलेले काढे झाले, कुणी सांगितलेले सोमवार झाले, कुठल्याशा देवीची ओटी भरायला आई अनवाणी डोंगर चढली. पायाला फोड आले ते तिनं मला दाखवलेसुद्धा नाहीत. मी काढे पीत राहिले. एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. आईबापासमोर ते वाक्य कुठल्या तोंडानं बोलायचं, ते मला समजत नव्हतं. प्रत्येक वेळी वाटायचं, बोलले तर माझीच अब्रू जाईल, आणि काढा निदान घशाखाली तरी जातो.

आईचं बोलणं गादीवर आलं. "कापूस दबला आसंल न्हवं? पिंजाय पायजे आता. खोळ धुतीस का?"

"दर आठवड्याला. गच्चीवर नेऊन उन्हात घालते."

"एकटी नेतीस?"

"डोक्यावर घेते."

"जड आसंल. मीच भरलीय, मला म्हाईत हाय." तिला जरा बरं वाटलं. "मदी खड्डा पडला आसंल."

"मदी न्हाई. एका कडंला."

"आन दुसऱ्या?"

"दुसरीकडं हाय तशीच हाय. तुझं टाकंसुदीक वर दिसत्यात."

आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पदराला सुटलेला दोरा ओढत बसले. दोरा निघत गेला, निघतच गेला. तिनं विचारलं असतं तर तेव्हा कदाचित मी बोलले असते. तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं उठली आणि चुलीकडं गेली. कुरडयांचं फडकं पिशवीबाहेरच राहिलं होतं, ते संध्याकाळी तिनं गपचूप आत ठेवलं.

सकाळी मैनुद्दीन आला. आईनं त्याला अंगणात चहा दिला. समोर शेवंताकाकू सुपात गहू घेऊन बसल्या होत्या आणि गव्हाकडं बघत नव्हत्या.

"मेस्त्री कुठं?"

"कारखान्यात. येत्यात, बसा."

आप्पा शेडमध्ये एका फळीवर पेन्सिलीनं माझ्या सासरचा जिना काढत होते. पलंग आणायचा नव्हता तरी मापं काढत होते. खोटं कामही त्यांना खोटं करता येत नसे.

"समजा, न्हाईच ऐकलं त्यांनी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तर उचलायाच लागंल. जिन्याचं वळण उजवीकडं का डावीकडं?"

"डावीकडं. वळणावरची पायरी तिरकी हाय."

"दार किती रुंद?"

"मी दोन्ही हात पसरलं की कोपरापतूर."

"कठडा?"

"हलतोय. वरनं तिसरा गज निसटलाय."

आप्पांनी मान डोलावली. त्या घराचा कोपरान् कोपरा मला पाठ होता. सगळं घर मी पुसलेलं होतं.

"पलंगाखालची फरशी सपाट हाय का? सरकवला तर खूर अडकंल."

"सपाट हाय. एक फरशी फुटलीय, खिडकीकडच्या खुराजवळ."

"हां." त्यांनी तिथं फुली मारली. मग पेन्सिल कानामागं लावली आणि जरा लाजल्यासारखे हसले. किती दिवसांनी ते असे हसत होते. "आन राघू शाबूत हाय न्हवं? दोर नेमका तिथनंच जाणार. चोच मोडायची. मैनूला सांगाय पायजे, तिथं पोतं गुंडाळ म्हणून."

"कुठला राघू?"

"थट्टा करतीस व्हय बापाची?"

"न्हाई आप्पा. कुठला राघू?"

ते हसतच होते. "आगं, माथ्याच्या फळीला. आतल्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला. हुबं ऱ्हाऊन दिसत न्हाई त्यो, झाडताना बी दिसत न्हाई. निजून कूस बदलली की बरोबर डोळ्यांम्होरं येतो. तुझी आई म्हणत हुती न्हवं गादी शिवताना, सागाच्या फांदीवर राघू? म्हणलं, आपली फांदी तर हायच, राघू तेवढा बसवू. कुणालाच सांगितलं न्हाई. हिलाबी न्हाई." आई मागच्या दारात येऊन उभी होती, तिच्याकडं त्यांनी बोट केलं. "म्हणलं, पोरगी पहिल्यांदा माहेराला आली की सांगंल. आप्पा, राघू सापडला, म्हणंल. तवापासनं वाट बघतोय. तू आलीस की इचारायचो न्हवं, पलंग कसा हाय म्हणून?"

विचारायचे. दर खेपेला विचारायचे. दिवाळीला विचारायचे, पंचमीला विचारायचे. मला वाटायचं, करकरतो का ते विचारतात. "चांगला हाय, आप्पा," मी म्हणायचे. ते थोडं थांबायचे, अजून काही येईल म्हणून. मग कामाला लागायचे.

आताही मला म्हणता आलं असतं, हां, तो होय, शाबूत आहे. पण शब्द तोंडातून सुटून गेले होते. आप्पांचं हसणं हळूहळू कमी झालं. सुतार माणूस, त्यांना एका मापावरून दुसरं माप काढायची सवय.

"रातचं अंधारात दिसला नसंल," ते म्हणाले. "पण सकाळी? खिडकी तिकडंच हाय. उजाडलं की ऊन त्याच्यावरच पडतंय. मी बघून ठेवली हुती जागा."

मी पायाच्या अंगठ्यानं भुसा उकरत राहिले.

"शालन, तू कुठल्या अंगाला निजतीस?"

"खाली," मी म्हटलं.

"खाली म्हंजे?"

"सतरंजीवर. दाराजवळ."

"कवा? भांडण झाल्यावर?"

"रोज."

आप्पांनी फळीचा आधार घेतला. "पहिल्यापासनं?"

मी मान डोलावली. मग ते वाक्य आपोआप आलं. इतकं लहान होतं. "आप्पा, मी त्या पलंगावर कधी निजलेच न्हाई. एक रातबी न्हाई. पहिल्याच राती ते म्हणालं, तू खाली नीज, माझं मन दुसरीकडं हाय. आईबाच्या हट्टानं लगीन केलंय. कुणाला बोललीस तर तुलाच नावं ठिवत्याल. मी रोज चादर घालत हुते, उशा झाडत हुते. तेवढंच."

शेडमध्ये भुशाचा वास होता. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काडी खाली आली होती आणि तिच्यात धूळ फिरत होती. मला वाटलं, आता जमीन मला आत घेईल तर बरं. बापासमोर हे बोलले. बापासमोर.

आई दारातून वळली आणि आत गेली. पिशवी उपडी केल्याचा आवाज आला, आणि जमिनीवर पडून कुरडया मोडल्याचा.

आप्पा बाकावर बसले. समोरच्या फळीवरचा जिना त्यांनी तळहातानं पुसला. पेन्सिल पुसली जात नाही, नुसती काळी पसरते, तरी ते पुसत राहिले.

"गेल्या दिवाळीत मी गेलतो तिकडं," ते म्हणाले. "तुला सांगितलं न्हाई. हात जोडलं त्यांच्यापुढं. म्हणलं, आमच्या पोरीत खोट हाय, सांभाळून घ्या. भरल्या घरात म्हणलं." तळहात थांबला. काळा झाला होता. "आन त्यो समोरच बसला हुता. च्या पीत हुता. खाली बघून च्या पीत हुता."

मी म्हटलं, "आप्पा."

"मी म्हणलो, आमच्या पोरीत खोट हाय."

"आप्पा, ऱ्हाऊ दे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, ते विचारतील, आधी का बोलली नाहीस. त्यांनी विचारलं नाही. काळा झालेला हात त्यांनी धोतराला पुसला आणि तोच माझ्या डोक्यावर ठेवला. मी लहान असताना फळीवरून फिरवायचे तसा, एकदाच, कपाळापासून मागं. मग उठले. भिंतीवरच्या खुंटीवरून मोठी करवत काढली. अंगठ्यानं तिचे दात बघितले, एकेक.

बाहेर मैनुद्दीन कपबशी खाली ठेवून उभा राहिला होता. शेवंताकाकूंचं सूप मांडीवरच थांबलं होतं. मी मागोमाग अंगणापर्यंत गेले आणि आईजवळ उभी राहिले. आईनं माझं मनगट धरलं, लहानपणी जत्रेत धरायची तसं.

"काय ठरलं मेस्त्री?" मैनुद्दीन हलक्या आवाजात म्हणाला. गल्लीकडं त्याची पाठ होती. आप्पांना आडोसा व्हावा म्हणून तो तसा उभा राहिला असावा. "दुरुस्तीचंच हाय न्हवं? मी गाडीवर ताडपत्री टाकतो. कुणाला दिसायचं न्हाई."

"ताडपत्री नको," आप्पा म्हणाले.

"मग?"

आप्पा त्याच्या बाजूनं पुढं झाले, तिथून समोरची पायरी दिसत होती, आणि ज्या आवाजात ते एकेकाळी खिळा दाखवायला सांगायचे त्याच आवाजात बोलले.

"पलंग सुटत न्हाई, मैनू. मीच केलाय तसा, माझ्या हातानं. कापून आणायचाय, उघड्या गाडीतनं, भर दुपारी, पेठेतनं. माणसं दोन बास, करवत माझी हाय. दुरुस्तीचं काय न्हाई. तिकडं माझ्या पोरीला कुणी बायकू म्हणून ठिवलंच न्हाई, आन मी तिचीच खोट काढत फिरलो. पोरगी घरी आलीय माझी, कायमची आलीय. पलंग तेवढा आणायचा ऱ्हायलाय."